मेहरांगीर : एका हरवलेल्या बंगल्याची गोष्ट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेले इकडचे तिकडचे विनोद वगळले आहेत.)



सेक्रेटरीसाहेब महिनाभरापूर्वी घरी आले आणि म्हणाले, "काका, तुम्ही सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास सांगा." मी त्यांना म्हटलं, तो इतिहास मिनिट बुकात आहे. त्यातला निम्मा पाण्याच्या टाकीचा आणि निम्मा पार्किंगचा आहे. तो ऐकायला कोणी थांबणार नाही. त्यापेक्षा मी एका घराची गोष्ट सांगतो. घर आपलं नाही, चिखल्यातलंही नाही. इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर मलबार हिलला होतं. "होतं" म्हणालो, कारण आता ते नाही. पण त्या घरातल्या माणसाचा आणि आपल्या या पट्ट्याचा जवळचा संबंध आहे, आणि ते घर ज्या तऱ्हेने गेलं त्यात आपल्या सगळ्यांना शिकण्यासारखं काही आहे. म्हणून आजच्या दिवशी ही गोष्ट.

घराचं नाव 'मेहरांगीर'. डॉ. होमी भाभांचं घर.

माझी भाभांशी पहिली ओळख झाली ती ते गेले त्या दिवशी. जानेवारी १९६६. मी शाळेत होतो. ११ जानेवारीला ताश्कंदला शास्त्रीजी गेले, त्या दुःखातून गाव अजून सावरलं नव्हतं. २४ तारखेला इंदिराबाईंचा शपथविधी. आमच्या आळीत ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओटीवर संध्याकाळी ही गर्दी. शपथविधीची बातमी ऐकायला आलो आणि दुसरीच बातमी ऐकली. एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग विमान युरोपात माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं, आतली ११७ माणसं गेली, आणि त्यात डॉ. भाभा होते. व्हिएन्नाला अणुऊर्जेच्या बैठकीला निघाले होते. वय ५६. आमचे गुरुजी ओटीवर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "तारापूरचं आता काय होणार?" मला तारापूर म्हणजे नातेवाइकांचं गाव एवढंच माहीत. तिथे काहीतरी मोठं चाललंय, परदेशी माणसं येतात, हे ऐकून होतो. त्या कामामागे हा माणूस होता, हे मला तो गेल्यावर कळलं.

पुढे बँकेत लागलो आणि काही वर्षं बोईसरच्या शाखेत होतो. काउंटरवर समोर येणारे निम्मे लोक अणुशक्ती केंद्रातले. पगार, कर्ज, फिक्स डिपॉझिट, सगळं आमच्याकडे. त्यातल्या जुन्या मंडळींनी भाभांना पाहिलेलं होतं. ते त्यांच्याबद्दल घरातल्या कर्त्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. मला तेव्हापासून या माणसाबद्दल वाचायची गोडी लागली. वाचता वाचता त्यांच्या घरापर्यंत पोचलो.

आता घराण्याची थोडी माहिती देतो. कंटाळा आला तर हात वर करा.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. आजोबा हॉर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. वडील जहांगीर भाभा इंग्लंडला शिकून आलेले कायदेपंडित, टाटांच्या कंपन्यांशी निगडित. आत्या मेहरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. आईचंही नाव मेहरबाईच. ती पांडे घराण्यातली. (आपले उत्तरेकडचे पांडे नव्हेत, पारश्यांमध्ये हे आडनाव आहे.) आणि ही आई म्हणजे पहिल्या सर दिनशा माणेकजी पेटिट यांची नात.

सर दिनशा पेटिट म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या आद्य मालकांपैकी एक. १८९० साली त्यांना इंग्रज सरकारने बॅरोनेट केलं. परळला जनावरांचं जे मोठं हॉस्पिटल आहे, ज्याला आपण बैल-घोड्यांचा दवाखाना म्हणतो, ते त्यांच्या पत्नीच्या, बाई साकरबाईंच्या नावाने आहे. या पेटिटांचा मलबार हिलला 'पेटिट हॉल' नावाचा प्रासाद होता. दुसऱ्या सर दिनशांची मुलगी रत्ती. तिने १९१८ मध्ये घरच्यांच्या विरोधाला न जुमानता बॅरिस्टर जिनांशी लग्न केलं, ती याच घरातली. आज नेपियन सी रोडला जाल तर 'पेटिट हॉल' हे नाव सापडेल, पण ते उंच टॉवरचं नाव आहे. प्रासाद केव्हाच गेला. मात्र त्याची एक वस्तू शिल्लक आहे. ती कोणती ते शेवटी सांगतो, लक्षात ठेवा.

मेहर आणि जहांगीर, या आई-वडिलांच्या नावांतून घराचं नाव झालं मेहरांगीर. आपल्याकडे 'मातृछाया', 'आईची सावली' अशी नावं दारावर असतात, तसंच हे. मला हे नाव फार आवडलं. एवढं मोठं श्रीमंत घर, पण नाव ठेवताना आपण ठेवतो तसंच ठेवलेलं.

भाभांची शाळा कॅथेड्रल. ते लहानपणी शाळेतून आत्याच्या घरी, म्हणजे टाटांच्या 'एस्प्लनेड हाऊस'मध्ये जात. फोर्टमधलं ते घर आज उभं आहे, त्याची डागडुजीही छान झाली आहे. घरी वडिलांची पुस्तकं, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या. मुलगा चित्रं काढणारा, संगीत ऐकणारा आणि गणितात रमणारा. १९२७ ला केंब्रिजला गेला तो इंजिनिअर व्हायला. वडिलांची आणि दोराबजींची इच्छा, की पोरगा शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जाईल. पोराला हवं होतं भौतिकशास्त्र. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग तुला हवं ते कर. १९३० मध्ये त्याने ती अट पुरी केली. आजकालच्या पालकांनी ही गोष्ट दोन्ही बाजूंनी ऐकावी. मुलाने बापाचं ऐकलं, आणि बापाने दिलेला शब्द पाळला.

१९३९ ला सुट्टीवर घरी आले आणि महायुद्ध सुरू झालं. परत जाता येईना. मग बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्याकडे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काम. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांनी टाटांच्या ट्रस्टला पत्र लिहिलं, की मूलभूत संशोधनाची एक संस्था आपल्या देशात हवी, म्हणजे उद्या अणुशक्ती वापरायची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत. लक्षात घ्या, अजून हिरोशिमा व्हायचं होतं. दुसऱ्या वर्षी संस्था सुरू झाली. सुरुवात बंगलोरला आणि लगेच, १९४५ च्या डिसेंबरात, मुंबईला. मुंबईत कुठे? तर पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' नावाच्या बंगल्यात, भाड्याच्या जागेत. बंगला भाभांच्या नात्यातल्यांचाच. म्हणजे आज कुलाब्याला समुद्रकाठी टाटा इन्स्टिट्यूटची एवढी देखणी इमारत आहे, तिची मुळं एका राहत्या घरात आहेत. आपल्या सोसायटीची पहिली सभाही कोणाच्या तरी ओटीवर झाली होती, ते जुन्या सभासदांना आठवत असेल.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग, भाभा त्याचे अध्यक्ष. १९५४ मध्ये ट्रॉम्बेची संस्था. १९५६ च्या ४ ऑगस्टला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. ट्रॉम्बेला इमारती बांधताना झाड आड आलं तर तोडू नका, मुळासकट उचलून दुसरीकडे लावा, असा त्यांचा आग्रह असे. आणि मग तारापूर. १९६४ मध्ये अमेरिकन कंपनीशी करार झाला, काम सुरू झालं. १९६९ च्या ऑक्टोबरात दोन्ही युनिटं व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. भाभांना ते बघायला मिळालं नाही.

भाभांनी लग्न केलं नव्हतं. ते गेल्यावर मेहरांगीर सांभाळलं ते त्यांचे धाकटे भाऊ जमशेद भाभा यांनी. हेही मोठे गृहस्थ. टाटांमध्ये होते, आणि संगीत-नाटकाचे वेडे. १९६९ मध्ये जे. आर. डी. टाटांच्या साथीने त्यांनी नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे आपण ज्याला एनसीपीए म्हणतो, ती संस्था काढली. नरीमन पॉइंटच्या टोकाला समुद्रात भर घालून केलेली जमीन. तिथे १९८० मध्ये टाटा थिएटर झालं, १९९९ मध्ये जमशेद भाभा थिएटर झालं. हे दुसरं थिएटर बांधत असताना मोठी आग लागली होती. ऐंशी पार केलेला माणूस पुन्हा उभा राहिला आणि ते पुरं केलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. ती संस्था हेच त्यांचं अपत्य.

३० मे २००७ ला जमशेदजी गेले. मृत्युपत्रात त्यांनी मेहरांगीर एनसीपीएला दिलं होतं.

आता इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. मृत्युपत्र होतं, मालमत्ता स्पष्ट होती, संस्था नोंदणीकृत ट्रस्ट होती. कागद स्वच्छ. भांडायला वारस नाहीत. आमच्या भाषेत 'क्लिअर टायटल'. अशी फाइल समोर आली की आम्ही डोळे मिटून सही करायचो. आणि तरी ते घर गेलं.

कसं गेलं? एका कलासंस्थेला मलबार हिलवरचा बंगला काय कामाचा? त्याची निगा राखायला पैसा लागतो. संस्थेला थिएटरं चालवायला, कार्यक्रम करायला पैसा लागतो. देणाऱ्याने दिलं होतं संस्थेच्या भल्यासाठी. त्यांनी विकायचं ठरवलं. २०१४ च्या जूनमध्ये लिलाव झाला. किमान किंमत २५७ कोटी ठेवली होती, बोली गेली ३७२ कोटींवर. बंगला गोदरेज कुटुंबाकडे गेला. लिलावाआधी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी मागणी केली, की हे राष्ट्रीय स्मारक करा, तिथे संग्रहालय करा. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी सरकारला विनंती केली. प्रकरण मुंबई हायकोर्टातही गेलं. लिलाव काही थांबला नाही. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, बंगला पाडला.

बातमी आली त्या दिवशी माझ्या बोईसरच्या एका जुन्या खातेदाराचा फोन आला. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, तारापूरला उमेद गेलेली. म्हणाले, "साहेब, वाचलंत का?" मी म्हटलं, "वाचलं." मग आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प. शेवटी ते म्हणाले, "आमच्याकडे एक वीट जरी दिली असती तरी ठेवली असती."

मी त्यावर पुष्कळ विचार केला. दोष कुणाचा? मला तरी गुन्हेगार सापडला नाही. देणाऱ्याने प्रेमाने दिलं. घेणाऱ्या ट्रस्टने ट्रस्टींचं काम केलं. जास्तीत जास्त किंमत मिळवणं हे त्यांचं कर्तव्यच होतं, मी त्यांचा ऑडिटर असतो तर कमी किमतीला दिलंत म्हणून मीच शेरा मारला असता. विकत घेणाऱ्यांनी पांढऱ्या पैशाने, उघड लिलावात घेतलं. त्यांनी आपल्या घराचं काय करावं हा त्यांचा हक्क. सरकारपुढे हजार कामं. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं. फक्त घर वाचवणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. मृत्युपत्रात जर एक ओळ असती, की 'होमीची खोली आणि त्याचे कागद अमुक संस्थेने सांभाळावेत, त्यासाठी एवढी रक्कम बाजूला काढावी', तर कदाचित ही गोष्ट वेगळी झाली असती. घर देताना त्यातल्या कशाचं काय करायचं हेही लिहावं लागतं. नुसतं 'माझं घर अमक्याला' पुरत नाही.

इथे कोणी तरुण उठून विचारेल, "काका, एका श्रीमंताचा बंगला गेला त्याचं एवढं काय?" प्रश्न बरोबर आहे. मी तो स्वतःला विचारला. तारापूरचं तिसरं आणि चौथं युनिट झालं तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. आपल्याच किनाऱ्यावरची, मच्छीमार आणि शेतकऱ्यांची गावं. इथे बसलेल्यांपैकी काहींची सोयरीक तिथे आहे. त्या घरांचा लिलाव झाला नाही, त्यांच्यासाठी कोणी शास्त्रज्ञाने पत्र लिहिलं नाही, वर्तमानपत्रात फोटो आले नाहीत. आपल्या पंख्यात जी वीज फिरते तिच्या हिशोबात एका बाजूला मेहरांगीर आहे, तर दुसऱ्या बाजूला पोफरणची घरंही आहेत. एकाबद्दल हळहळायचं आणि दुसऱ्याचं नावही काढायचं नाही, हे मला पटत नाही. घर म्हणून दोन्ही सारखीच. आत राहणाऱ्यांची आई तिथेच गेलेली असते, मुलं तिथेच रांगलेली असतात.

आणि आता माझं. हे मी आजवर चारचौघांत बोललो नाही. आज बोलतो, कारण त्याशिवाय हे भाषण नुसतं वर्तमानपत्र वाचून दाखवल्यासारखं होईल.

आमचं चिखल्यात वडिलोपार्जित घर होतं. बंगला नव्हे. मंगलोरी कौलं, शेणाने सारवलेली ओटी, मागे चार चिकू, दोन माड आणि विहीर. ओटीवर सागाचा झोपाळा. आम्ही तीन भाऊ आणि सगळ्यांत मोठी बहीण, आक्का. वडील गेले, मग आई गेली. दोघे भाऊ मुंबईला, मी बदलीवर. घर बंद. पावसाळ्यात कौलं सरकायची, भिंतीला ओल. १९८९ साली आम्ही विकायचं ठरवलं. मी बँकेतला, म्हणून कागदपत्रं माझ्याकडे. सातबारा काढला, फेरफार बघितले, आक्काकडून हक्कसोड पत्र लिहून घेतलं, सगळ्यांच्या सह्या तपासल्या. एक त्रुटी ठेवली नाही. भावांनी पाठ थोपटली.

सही करायच्या दिवशी आक्का म्हणाली, "भाऊ, मला त्यातलं काही नको. तेवढा झोपाळ्याचा पाट दे. बाबा त्यावर बसून मला पाढे म्हणायला लावायचे."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आक्का, घर वस्तूंसकट विकलंय. करारात तसं लिहिलंय. आता कसं काढणार?"

ती एक शब्द बोलली नाही. अंगठ्याशेजारी सही केली आणि पदराने शाई पुसली. एक पाट. घेणाऱ्याला सांगितलं असतं तर त्याने हसत काढून दिला असता. पण करारात तसं लिहिलं होतं, आणि तो करार मीच लिहिला होता. आक्का आता नाही. ते घरही नाही. आणि त्या घराचा एकसुद्धा फोटो माझ्याकडे नाही. लग्नातले फोटो आहेत, त्यात मांडव दिसतो, घर दिसत नाही.

गेल्या वर्षी माझ्या नातीला शाळेत प्रकल्प होता, 'आमचं जुनं घर'. ती वही घेऊन माझ्याजवळ बसली, "आजोबा, काढून दाखवा ना." मी पेन्सिल घेतली. ओटी काढली, झोपाळा काढला. मग स्वयंपाकघर डावीकडे होतं की उजवीकडे, तिथे अडलो. पंचवीस-तीस वर्षं ज्या घरात जेवलो, त्याची चूल कुठल्या कोपऱ्यात होती ते मला धड काढता येईना. हे आक्काने क्षणात सांगितलं असतं. मला पैन् पै हिशोब आठवतो, घर किती रुपयांना विकलं आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती आले ते आठवतं, पण चूल आठवत नाही.

म्हणून मेहरांगीरची बातमी मला लागली. तिथे चूक मला ओळखीची वाटली. कागद पूर्ण, आणि घर रिकामं.

आता आपल्याकडे येतो. आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा या रस्त्याला दिवे नव्हते. जागेवर वाडी होती. २०१३ ला लोकल डहाणूपर्यंत आली आणि इथले भाव बदलले. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसायला लागले, तेव्हा रात्री आपण सगळे चटया घेऊन याच आवारात झोपलो होतो, आठवतं? तेव्हा कुणाकुणाची पहिल्यांदा नीट ओळख झाली. आज इमारत पंचवीस वर्षांची आहे. अजून दहा-पंधरा वर्षांनी कोणीतरी 'रीडेव्हलपमेंट' हा शब्द काढेलच. काढावाही. इमारत काही देव नव्हे, तिलाही वय आहे. मी पाडण्याच्या विरुद्ध नाही. पण पाडण्याआधी काय करायचं ते आत्ताच ठरवू या, एवढीच माझी विनंती. तीन गोष्टी सांगतो आणि बसतो.

पहिली. ज्यांनी मृत्युपत्र केलं नसेल त्यांनी करा. आणि एक गैरसमज काढून टाका. सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी लिहिला म्हणजे तो मालक झाला असं नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा. सहकार कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, त्यात नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद म्हटलं आहे. मी नोकरीत असताना या एका गैरसमजापायी भाऊ-भाऊ काउंटरवर हमरीतुमरीवर आलेले पाहिलेत. आणि मृत्युपत्रात फ्लॅट आणि डिपॉझिटच्या खाली आणखी एक परिच्छेद लिहा. झोपाळा कोणाला, देवघर कोणाला, फोटोंचा आल्बम कोणाला. किंमत शून्य असलेल्या वस्तू. भांडण त्यांच्यावरून होत नाही, पण मनात सल त्यांचाच राहतो.

दुसरी. सोसायटीने एक वही करावी. प्रत्येक घराने एक पान लिहावं. आम्ही कुठून आलो, आमचं मूळ घर कुठे होतं, इथे कधी आलो. सोबत घराचा एक फोटो, माणसांसकट. लेखक असायची गरज नाही. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने सांगावं आणि सगळ्यांत लहानाने लिहून घ्यावं. कमिटीने परवानगी दिली तर पहिलं पान मी लिहीन. त्यात चूल कुठे होती ते आठवत नाही, असंच लिहीन.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर मागच्या बाजूची जुनी विहीर बुजवून तिथे चार गाड्यांचं पार्किंग करायचा विषय आहे. गाड्या वाढल्यात, मला मान्य आहे. माझ्या मुलाचीही एक त्यात आहे. पण ती विहीर या जागेची एकुलती एक जुनी गोष्ट उरली आहे. वाडी गेली, चिकूची झाडं गेली, ती राहिली. मजबूत जाळी टाका, मुलांची काळजी घ्या, उपसून पाणी बागेला वापरा. पण बुजवू नका. मी स्वतः सभेत विरोधात मत देणार आहे. ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की काका भाषणात गोड बोलले आणि सभेत आडवे आले.

आता सुरुवातीला दिलेला शब्द. पेटिट हॉलची कोणती वस्तू शिल्लक आहे? जिना. संगमरवरी जिना. पेटिट हॉलचा तो जुना जिना आज एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये बसवलेला आहे. तिथे नाटक-संगीत ऐकायला जाणारे लोक तो बघतात. म्हणजे बघा, जमशेदजींच्या आईच्या आजोबांचं घर गेलं, पण त्याचा जिना नातीच्या मुलाने उभारलेल्या थिएटरात आला. लोक अजून त्याच पायऱ्यांवरून चढतात-उतरतात. मात्र त्याच जमशेदजींच्या स्वतःच्या घराच्या वेळी मी तरी असा जिना कुठे आल्याचं वाचलं नाही.

मुंबईला गेलात आणि सवड मिळाली तर तो जिना बघून या. मी दोन वर्षांपूर्वी नातीला घेऊन गेलो होतो. कार्यक्रम कोणता होता ते विचारू नका, मला झोप लागली होती. पण मध्यंतरात आम्ही त्या जिन्यापाशी उभे राहिलो. ती म्हणाली, "आजोबा, घर पाडलं तरी जिना काढून ठेवता येतो?"

मी म्हटलं, "येतो. फक्त पाडायच्या आधी कोणीतरी मागावा लागतो. आणि मागितला की द्यावा लागतो."

आक्काने मागितला होता.

 जेवणं तयार आहेत असं खूण करून सांगताहेत, तेव्हा थांबतो. सोसायटीला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी मनापासून शुभेच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.